टिटवाळ्याच्या बाईची जाऊ

"ही बाई दोन वर्षं होती कुठे?"

दवाखान्याच्या डॉक्टर मडम हे इंग्रजीत म्हणाल्या. पाठमोऱ्या, तस्तात हात धुता धुता. पडद्याच्या आत आम्ही तिघीच होतो. खाटेवर सगुणामावशी, तिच्या उशाशी मी, आणि तस्तापाशी मडम. मडमखेरीज इंग्रजी समजणारी मी एकटी. मडमनी हात पुसले आणि हळू आवाजात बाकीचं सांगितलं. स्तनातली गाठ आता आत चिकटली आहे, काखेतही उतरली आहे, कापून उपयोग नाही. सुरुवातीला आली असती तर काढता आली असती. दुखणं कमी करायचं औषध देता येईल, तेवढंच. "तिला काय सांगायचं ते तू सांग," असं म्हणून त्या पडदा सारून बाहेर गेल्या.

मावशीने चोळीची गाठ बांधली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाली गं ती, इंग्रजी?"

इंग्रजी हे तिने मला ठेवलेलं नाव.

मावशी दोन वर्षं कुठे होती, हे मला चांगलं ठाऊक होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती या पडद्यापलीकडच्या खोलीत होती. आजारी बाईशी कसं बोलावं, हे आम्हा सहा मुलींना शिकवत होती.

सगुणामावशी कल्याणची कासारीण. सकाळच्या गाडीने ठाण्याला उतरायची आणि डोक्यावर टोपली घेऊन दिवसभर हिंडायची. तळ्याकाठच्या वकील-कारकुनांच्या घरांपासून बाळकुमच्या मिठागरांवरच्या वस्तीपर्यंत सगळ्या बायकांचे हात तिला पाठ होते. आठवड्यातून एकदा उलट्या दिशेला टिटवाळ्याकडे. सोवळ्यातल्या घरातही तिला ओटीपर्यंत येऊ देत आणि तिथे सासू, सुना, लेकी एकामागून एक तिच्यापुढे हात करत. बांगड्या भरून झाल्या की तिला वाकून नमस्कार करत. बुटकी, काळीसावळी, मिश्रीने दात काळे झालेली बाई. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे ती कधीच पाहत नसे. न विचारता हात ओढून घ्यायची आणि बोटांची पेरं दाबत दाबत मनगटाशी बोलल्यासारखी बोलायची.

मडमचाही हात तिने पहिल्याच दिवशी असाच ओढून घेतला होता. दाबून पाहिला आणि मला म्हणाली, "हात मऊ आहे गं हिचा. पण अंगठा ताठ. हिला कुणाचं ऐकायची सवय नाही."

ते मी मडमना सांगितलं नाही.

खरं तर त्या दिवशी मडम तिला हाकलून द्यायला ओसरीवर आल्या होत्या. बायकांचा दवाखाना नुकताच सुरू झाला होता. मावशीने ओसरीवरच टोपली मांडली होती आणि औषधाला आलेल्या बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. दवाखाना म्हणजे बाजार नव्हे, असं मडमनी मला सांगायला सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं आणि निघता निघता माझ्या कानाशी म्हणाली, "त्या निळ्या लुगड्याच्या बाईला डोकेदुखीची पूड देऊ नका म्हणावं. तिचं डोकं दुखत नाही. तिसऱ्यांदा पोट पडलंय तिचं, आणि अजून रक्त थांबलेलं नाही."

निळ्या लुगड्याची बाई तीन वेळा आली होती. तिन्ही वेळा मीच तिला विचारलं होतं आणि मडमना सांगितलं होतं: डोकेदुखी. मडमनी तिला परत आत घेतलं. मावशीचं खरं निघालं. आणखी आठ दिवस गेले असते तर ती बाई हाती लागली नसती.

"तुला कसं कळलं?" मडमनी माझ्याकरवी विचारलं.

"दिवाळीला भरलेल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी म्हटलं, मनगट कुठे ठेवून आलीस गं? मग बोलली."

मडम तिच्याकडे बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "औषधं मी शिकवीन. हे मला शिकवता येणार नाही. तिला विचार, शिकवशील का?"

असा तो वर्ग सुरू झाला. आम्ही सहाजणी सुईणीचं आणि शुश्रूषेचं काम शिकायला राहिलो होतो. माझ्याविषयी सांगण्यासारखं थोडं आहे. वडील कचेरीत कारकून. अकराव्या वर्षी मी विधवा झाले. त्यांनी लोकांचं न ऐकता मला मुंबईला इंग्रजी शाळेत घातलं. सात वर्षांनी परत आले तेव्हा माझ्या मनात आधी इंग्रजी वाक्य तयार व्हायचं, मग त्याचं मराठी, आणि तोवर समोरचं माणूस निघून गेलेलं असायचं. मला ते सोयीचंच होतं.

पहिल्या दिवशी मावशीने एकेकीचा हात घेतला. माझी पाळी आली तशी मी हात पदराखाली घेतला. विधवेचा हात कासारीण धरत नाही आणि विधवा कासारणीच्या वाटेला जात नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"दे इकडे."

"माझ्या हातात काही नसतं," मी म्हटलं.

"मला कुठे भरायच्यात बांगड्या? बोलायचंय."

आणि तिने माझं मोकळं मनगट धरलं. बाळकुमची ठकू माझ्या शेजारी होती. नवऱ्याने टाकलेली, मोठ्या आवाजाची, हसरी पोरगी. तीसुद्धा हसायची थांबली.

शिकवायची मावशीची रीत अशी. ती खोलीबाहेर जायची आणि डोक्यावरून पदर घेऊन आत यायची ती दुसरीच कुणीतरी होऊन. कधी मिठाने पाय फुटलेली आगरीण, कधी सासूच्या धाकातली कचेरीवाल्याची सून, कधी भिवंडीकडची विणकरीण. चाल बदलायची, बोली बदलायची. ठकू एकदा तिला खरीच आपल्या गावची समजून "ए काकी, बस गो" म्हणून पाट द्यायला उठली होती. मावशी बाकावर बसायची, आणि तिला काय होतंय ते आम्ही काढून घ्यायचं.

ठकू भराभरा विचारायची. "दुकतंय का? कवापासना? ताप हाय का? पोट साफ व्हतंय?"

मावशी हो, नाही, हो, हो म्हणायची आणि शेवटी पदर मागे टाकून आपल्या आवाजात सांगायची, "फौजदारा, कबुलीजबाब लिहून झाला का? त्यातलं एकही खरं नव्हतं."

माझी पाळी आली तेव्हा मी रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "आपणांस वेदना नेमक्या कोणत्या स्थानी होत आहेत?"

बाकावरची आगरीण माझ्याकडे पाहत राहिली, मग उठली आणि दाराबाहेर गेली. आम्ही वाट पाहिली. बऱ्याच वेळाने मावशी एकटीच आत आली.

"ती बाई गेली. बाळकुमला पोचलीसुद्धा असेल. घरी सांगत असेल, दवाखान्यात एक इंग्रजी आहे, मराठी लुगडं नेसते."

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. तेव्हापासून मी इंग्रजी.

तिचे नियम थोडे होते आणि कडक होते. "घाबरू नका" म्हणायचं नाही. घाबरण्यासारखं काहीतरी आहे, हे बाईला त्यानेच कळतं. बरं होणार असेल तरच "बरं होईल" म्हणायचं. ऐकलेलं मडमना सोडून कुणाला सांगायचं नाही. ठकूने एकदा विहिरीवर एका बाईचं गुपित सांगितलं, तर मावशी पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही. वर्गात ठकूचा हात सोडून पुढचीचा धरायची. ठकू रडकुंडीला आली.

आणि सगळ्यांत मोठा नियम जावेचा.

बायका स्वतःचं दुखणं स्वतःचं म्हणून सांगत नाहीत. जावेचं म्हणून सांगतात. नणंदेचं, शेजारणीचं, पण बहुतेक वेळा जावेचंच. "माझ्या जावेला जरा असं असं होतंय, तिला काही देता का?" हे आम्हांलाही माहीत होतं. मावशीचं म्हणणं असं, की तशी बाई आली तर जावेबद्दलच बोला. "तुम्हांलाच होतंय ना?" असं विचारलंत की ती उठून जाईल आणि परत येणार नाही. "जाऊ म्हणजे तिच्या अंगावरचा पदर आहे. तो ओढायचा नाही. ती आपण होऊन बाजूला करील."

"मग विचारायचं काय?" मी विचारलं. वर्गात मी आपणहून विचारलेला तो बहुधा एकच प्रश्न.

"विचारायचं, जाऊ कुठल्या कुशीवर झोपते? हे दुसरीचं कुणाला ठाऊक असतं? ज्या बाईला सांगता येईल, जाऊ तीच."

मी ते वहीत लिहून घेतलं. इंग्रजीत. माझी वही इंग्रजीत असायची, म्हणजे कुणी वाचायची भीती नाही.

पुढे एकदा मला ते काम खरोखर करावं लागलं. एका बाईचं मूल जन्मून तासाभरात गेलं. मडम दुसऱ्या बाळंतिणीपाशी होत्या. म्हणून तिला सांगायला मी गेले. दारातच उभी राहिले, एका दमात सांगितलं आणि परत फिरले. तिने काय केलं ते मी पाहिलं नाही. ओसरीवर मावशी होती. तिने माझा हात धरून मला पुन्हा आत नेलं, त्या बाईच्या खाटेशी जमिनीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथे बसलो. उठताना एवढंच म्हणाली, "उभ्याने सांगितलंस. उभं माणूस निघून जाणार, हे समोरचीला दिसतं."

आता टिटवाळ्याच्या बाईचं सांगते.

मावशी ज्या बायका व्हायची त्या बहुतेक एकदाच यायच्या. टिटवाळ्याची मात्र परत परत यायची. पाच-सहा महिन्यांनी एकदा मावशी पदर घट्ट लपेटून आत शिरली, की ठकू माझ्या कानात कुजबुजायची, "ही टिटवाल्याची परत आयली गो." टिटवाळ्याची जावेसाठीच यायची. तिच्या जावेच्या छातीत गाठ होती.

पहिल्या वेळी ठकूने विचारलं होतं, "मंग जावंला धाडून द्या ना."

"ती नाही यायची," टिटवाळ्याची म्हणाली आणि उठून गेली. परत आल्यावर मावशीने नेहमीसारखी चूक सांगितली नाही. "पुढल्या वेळी बघा," म्हणाली.

पुढल्या वेळी एकीने औषध विचारलं, एकीने लेप सुचवला. माझ्या वहीत त्या सगळ्या भेटी आहेत. पहिलीत गाठ सुपारीएवढी, दुखत नाही. दुसरीत लिंबाएवढी. तिसरीत वरची कातडी आत ओढल्यासारखी. चौथीत चोळीला डाग पडतो. "जावेला भीती कसली?" एकीने विचारलं, तेव्हा टिटवाळ्याची म्हणाली होती, "ती लेकीसुनांच्या कामाची बाई आहे. तिचा हात रोगी म्हटला तर हात पुढे कोण करील?" ते मी शब्दशः लिहिलं आहे. खाली माझा शेरा आहे, 'फार बारकाईने रचलेलं.'

त्याच वहीत, त्याच पानांवर, समासात तो प्रश्न आहे. जाऊ कुठल्या कुशीवर झोपते. दुसऱ्या भेटीला मी तो लिहिला, तिसऱ्या भेटीला त्याखाली रेघ मारली. मनात मराठी जुळवलं. ठकू विचारील, दुसरी कुणी विचारील, असं म्हणत राहिले. तोंड उघडलं नाही.

चौथ्या भेटीला मडम वर्ग पाहायला येऊन बसल्या होत्या. मी हळू आवाजात त्यांना इंग्रजीत सांगत होते. मावशीने काखेपाशी हात नेला, मग झटकन खाली घेतला, आणि मडमनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. "रंगभूमीवर शोभेल," म्हणाल्या. "तिला विचार, ही जाऊ खरी आहे का?"

मी विचारलं.

मावशी खाली पाहत म्हणाली, "जाऊ सगळ्यांनाच असते."

त्याचंही मी भाषांतर केलं. मडम हसल्या. आम्ही सगळ्याच हसलो.

आणि मावशीचा नवरा सासूचा एकुलता एक मुलगा, हे आम्हा सहाही जणींना ठाऊक होतं. सासूच्या एकुलत्या एका लेकाच्या लाडांच्या गोष्टी तिने पहिल्या महिन्यातच सांगितल्या होत्या. तिला जाऊ नव्हतीच.

तरी मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. पावसाळ्यानंतर तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या डाव्यापेक्षा मोठ्या मापाच्या होत्या. मनगट पाहायला जिने शिकवलं तिचंच मनगट मी पाहिलं, आणि मला वाटलं, कासारीण आहे, गिऱ्हाइकाला दोन मापं दाखवायला घालत असेल. वाटलं आणि मी ते सोडून दिलं. हे लिहितानाही माझा विश्वास बसत नाही, पण तसंच झालं.

मग एका शुक्रवारी ती पाचव्यांदा टिटवाळ्याची होऊन आली. बाकावर बसली. कुणी काही विचारायच्या आतच तिने पदर मागे टाकला. "आज राहू दे. आज बांगड्या भरते तुम्हांला. ठके, हात दे."

तिने ठकूच्या हातावर फुंकर घातली आणि बांगडी चढवायला लागली. डाव्या हाताने. उजवा सुजून मांडीवर तसाच पडलेला. दोन चढल्या, तिसरी तडकली आणि ठकूच्या मनगटातून रक्त आलं. मावशीच्या हातून बांगडी गेलेली कुणी पाहिली नव्हती. बांगडी फुटली असं कासारीण म्हणत नाही, वाढवली म्हणते. मावशी काहीच म्हणाली नाही. ठकूच्या हाताकडे पाहत राहिली आणि पाहता पाहता एका अंगाला कलली.

मी जवळ होते, मी धरलं. माझा हात तिच्या काखेखाली गेला. चोळीवरून मला लागलं ते लिंबाएवढं नव्हतं. चोळी ओली होती.

ठकू ओरडली, "मावशे! ह्यो कनचा धडा गो?" तिला अजून धडाच वाटत होता. क्षणभर मलाही वाटला. दोघींनी तिला उचलून पडद्याआड नेलं तरी ठकू मला विचारत होती, "आता आपुन काय विचारायचं?" मग तिने माझ्या हाताला लागलेला डाग पाहिला आणि तोंडावर पदर घेऊन ओसरीवर पळाली.

मडम आल्या, त्यांनी तपासलं, हात धुतले आणि ते विचारलं. ही बाई दोन वर्षं होती कुठे. त्यांना टाळ्या आठवल्या नाहीत. पुढे आठवल्या तेव्हा त्या दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत, पण ते नंतरचं.

"काय म्हणाली गं?" मावशीने पुन्हा विचारलं. मी अजून उभीच होते. तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

मी खाटेशी जमिनीवर बसले.

तिने उजवा हात उचलून पाहिला, तो उचलेना, म्हणून डावा पुढे केला. त्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मी तिचं मनगट धरलं. माझ्या दोन बोटांत ते मावलं. तिच्यासारखीच मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पेरं दाबायला लागले. मला नीट जमत नव्हतं. तिने दाबू दिलं.

बाहेर ठकूच्या हुंदक्यांचा आवाज येत होता.

"सांग की," मावशी म्हणाली. आवाज तिचा नव्हता, टिटवाळ्याच्या बाईचा होता. "घरी जाऊन जावेला काय सांगू?"

पदर तिने अजून बाजूला केला नव्हता. तो ओढायचा नव्हता.

"मावशी," मी म्हटलं, "जाऊ कुठल्या कुशीवर झोपते?"

तिचा हात माझ्या हातात थांबला. मग तिच्या गळ्यातून एक आवाज आला, हसल्यासारखा.

"डाव्या. उजवी टेकवत नाही आता. वर्ष झालं." आणि मग, "किती उशीर लावलास गं पोरी."

पहिल्यांदाच ती मला इंग्रजी म्हणाली नाही.

त्यानंतर ती अडीच महिने होती, कल्याणला आपल्या घरी. मी एक दिवसाआड आगगाडीने औषध घेऊन जायचे. पण मला ती आठवते ती त्या खाटेवरची, मान माझ्याकडे वळवून, डोळे माझ्या मनगटावर लावून वाट पाहणारी. माझ्या मनात एकही इंग्रजी वाक्य तयार झालं नाही.

"जावेला सांगा," मी म्हणाले, "गाठ आता काढता येणार नाही. ती बरी होणार नाही. दुखणं कमी करायचं औषध आहे, ते मी स्वतः आणून देईन आणि बसेन. आणि तिला सांगा मावशी, ती वेळेवर आली होती."